कोर्टाजवळचं टायपिंग-भाषांतराचं दुकान, बेळगाव: वॉर्डाच्या हद्दीवर आक्षेप घ्यायचा असेल तर आधी इथं जा

चन्नम्मा सर्कलकडून कोर्टाकडं येताना एका बोळात हे दुकान आहे. दहा बाय दहाची खोली, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, दारात लाकडी बाकडं. पाटीवर वर कानडीत, खाली मराठीत ‘टायपिंग, झेरॉक्स, भाषांतर’ एवढंच लिहिलंय. चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. वर्षभरात सात-आठ वेळा माझं तिथं जाणं झालं आणि प्रत्येक वेळी काम एकच होतं. आमच्या गावच्या वॉर्डांची नवी आखणी.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता धारवाडला हायकोर्टात आहे. सीमाभागातलं मराठी गाव आहे एवढं पुरे. मी तिथल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं.

आखणीचा कच्चा मसुदा लागला तेव्हा तो सगळा कानडीत होता. बाजारात बोलण्यापुरतं कानडी मला येतं, पण राजपत्राचं कानडी वेगळं. चक्कुबंदी म्हणजे चतुःसीमा, मीसलाती म्हणजे आरक्षण, आक्षेपणे म्हणजे हरकत, हे शब्द इथं सगळ्यांच्या तोंडी आहेत. त्यापुढं गाडी अडते. गावात व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी मराठीत सारांश फिरवला होता. त्यात म्हटलं होतं, आमच्या वॉर्डाची पूर्वेची हद्द ‘शेजारच्या खेड्यापर्यंत’. म्हणजे वॉर्ड उगाच लांबवला, अशी सगळ्यांची समजूत झाली आणि आम्ही त्यावरच हरकत घ्यायला निघालो होतो. मुदतीचे सात दिवस उरले होते.

अक्कांनी आधी फोनमधला फोटो बाजूला सारला आणि मूळ प्रत मागितली. दोन दिवसांनी ती घेऊन गेले. त्यांनी स्टीलची पट्टी ओळीखाली धरली आणि एकेक ओळ आधी कानडीत मोठ्यानं वाचून मग मराठीत सांगायला लागल्या. पूर्वेच्या ओळीवर पट्टी थांबली. “बाई, हे हळ्ळी न्हवं, हळ्ळ हाय.” हळ्ळी म्हणजे खेडं. हळ्ळ म्हणजे ओढा. एका वेलांटीचा फरक, आणि फोटोत ती जागा पुसट आली होती. हद्द लांबवलेली नव्हतीच, उलट ओढ्यावर आणून तोडली होती. ओढ्यापलीकडच्या आमच्या चार गल्ल्या दुसऱ्याच वॉर्डात गेल्या होत्या. आम्ही जो आक्षेप घेणार होतो तो एका ओळीच्या उत्तरानं फेटाळला गेला असता, आणि खरा मुद्दा नोंदीवर आलाच नसता. त्या दिवशी पट्टी त्या ओळीवर थांबली नसती तर आज धारवाडला सांगायला आमच्याकडं काही नसतं.

दुसरी गोष्ट मसुदा लिहिण्याची. मी घरून चार पानं लिहून नेली होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सुरुवात केली होती, सीमावादावरचा महाजन आयोग होता, २००८ ला उचगाव विधानसभा मतदारसंघ नकाशावरून गेला तेही होतं. अक्कांची घरची भाषा कानडी. त्यांनी चारही पानं मान खाली घालून पूर्ण वाचली. मग म्हणाल्या, “बाई, हे सगळं तुमच्या मनातलं हाय, मला समजतंय. पण सायबाला उत्तर द्यावंच लागंल असं वाक्य ह्यात एकच हाय.” ते वाक्य होतं ओढ्याचं. त्यावर पूल नाही. पावसाळ्यात पलीकडच्या मतदाराला केंद्रावर यायला पार रस्त्यानं वळसा घालावा लागतो.

मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. उचगावचं दुःख आमच्या घरात खरं आहे. माझ्या वडिलांनी जन्मभर त्या मतदारसंघात मत दिलं. पण तेवढ्या एका रेषेवर सगळं खापर फोडता येत नाही. त्याच नव्या नकाशावर २०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर या दोन जागा मराठी माणसांच्या महाराष्ट्र एकीकरण समितीनं जिंकल्या होत्या. हरकतीत लागतात सर्व्हे नंबर, ओढा, रस्ता, घरांची संख्या. २००२ च्या परिसीमन कायद्यात विधानसभेच्या आखणीसाठीसुद्धा हेच धरलंय: सलग भूभाग, नैसर्गिक खुणा, प्रशासकीय हद्दी, दळणवळण, लोकांची सोय. अक्कांनी माझ्या चार पानांचं दीड पान केलं.

इथं माझाही थोडा उपयोग झाला. २०११ च्या जनगणनेत फेब्रुवारीचे ते वीस दिवस मी दारोदार फिरले होते. मोजणीसाठी पाडलेला कुठला गट कुठं संपतो हे मला पाठ होतं. मसुद्यातली लोकसंख्या आणि त्या गटांची बेरीज जुळत नव्हती. एका वॉर्डात शेजारच्याच्या जवळजवळ दीडपट माणसं येत होती. म्हणजे त्या जास्त माणसांच्या वॉर्डात एकेका मताचं वजन आपोआप कमी. अक्कांनी ही बेरीज कानडीत तक्ता करून शेवटी जोडली.

घाईचं महत्त्व मला नंतर धारवाडच्या वकिलांनी सांगितलं. घटनेच्या ३२९ कलमानं लोकसभा-विधानसभेच्या आखणीत कोर्टाचा हात बांधलाय. पंचायतींसाठी २४३-ओ आणि नगरपालिकांसाठी २४३-झेडजी ही तशीच कलमं आहेत. १९६६ मध्ये मेघराज कोठारी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परिसीमनाचा आदेश राजपत्रात आला की तो कायद्यासारखाच, त्यावर वाद नाही. जुलै २०२४ मध्ये गुजरातच्या बारडोली मतदारसंघाच्या प्रकरणात मात्र त्याच कोर्टानं दार थोडं किलकिलं केलं. आदेश उघड मनमानीचा आणि घटनेच्या मूल्यांशी न जुळणारा असेल तर कोर्ट तो तपासू शकतं. वकिलांनी हे सांगितलं आणि लगेच विचारलं, “मुदतीत हरकत दिली होती का? पोहोच आहे?”

पोहोच होती, कारण अक्कांनी दुसरी प्रत बळजबरीनं काढायला लावली होती. “आत द्याल तेव्हा ह्या प्रतीवर सही-शिक्का घेतल्याबिगर खिडकी सोडू नका.” खिडकीवरचा माणूस शिक्का द्यायला तयार नव्हता. मी तासभर उभी राहिले. मिळाला. आमच्या हरकतीला पुढं उत्तर न देताच वॉर्डांची अंतिम यादी लागली, आणि याचिकेचं पहिलं जोडपत्र तोच शिक्क्याचा कागद आहे.

आता दुकानातल्या उणिवा. नावांच्या बाबतीत इथं स्वतः बसून तपासा. आम्ही सह्या करणारे तेवीस जण. मराठी आडनावं कानडीत उतरताना बदलतात, आणि मतदार यादीत आणखी तिसऱ्याच तऱ्हेनं असतात. चव्हाणांचं नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे आलं होतं. दोन नावं यादीशी जुळली नाहीत, पान परत टाइप करावं लागलं आणि त्याचेही अर्धे पैसे घेतले. मी यादी आधीच दिली होती, तेव्हा हे पैसे घ्यायला नको होते, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. पुढच्या वेळेपासून यादी शेजारी ठेवून टाइप करतात. सोमवारी फार गर्दी असते. वीज गेली की काम थांबतं, इन्व्हर्टर फक्त एका कॉम्प्युटरला आहे. त्यांचा मदतनीस मुलगा झेरॉक्सला चांगला आहे, पण भाषांतर त्याच्याकडून करून घेऊ नका. अक्का येईपर्यंत थांबा.

दर मला दिले ते असे: भाषांतर पानाला १२० रुपये, कानडी टायपिंग ३० रुपये. धारवाडला एका खेपेला बसभाडं आणि दिवस जातो तो वेगळाच, त्या मानानं हे काहीच नाही.

२०२७ च्या जनगणनेनंतर सगळीकडंच नव्या रेषा पडायची वेळ येणार आहे, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं. जाताना राजपत्राची किंवा नोटिशीची मूळ प्रत न्या, मोबाईलचा फोटो नको. मतदार यादीचं तुमच्या भागाचं पान न्या. गावचा सर्व्हे नकाशा असेल तर तोही. दुपारी दोन ते तीन दुकान बंद असतं, पण मुदतीचा शेवटचा दिवस आहे असं सांगितलं तर अक्का डबा बाजूला ठेवून बसतात. आमच्यासाठी बसल्या होत्या.