सरकारी बँक, खासगी शाखा की बॅक ऑफिस: मुंबईतल्या पदवीधराने आधी कुठे जावे?

बीकॉम, बीएमएस किंवा बीएएफ झालेल्यासमोर मुंबईत तीन दारे असतात: सरकारी बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर), खासगी बँकेच्या शाखेत सेल्स किंवा रिलेशनशिप ऑफिसर, आणि गोरेगाव-मालाड-ऐरोलीच्या काचेच्या इमारतींतले परदेशी बँकांचे बॅक ऑफिस. पगार बघालच. त्याआधी कुठले दार किती दिवस उघडे राहते ते बघा.

सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या पीओ परीक्षेला वय 20 ते 30 चालते. नॉन-क्रीमी लेयर ओबीसींना 3 आणि एससी-एसटींना 5 वर्षांची सवलत. म्हणजे घाई नाही. बॅक ऑफिसची फ्रेशर भरती मात्र ताज्या निकालाची मुले उचलते. दोन वर्षे नुसता अभ्यास केला, तर तिथल्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्या रिकाम्या वर्षांवरच येतो. सेल्सचे दार बारमाही उघडे असते, कारण आत गेलेले तितक्याच वेगाने बाहेर पडतात.

आता पैसे. पीओचा सुरुवातीचा मूळ पगार 48,480 रुपये. महागाई भत्ता आणि घरभाडे त्यावर वेगळे. खासगी बँक मात्र ‘पॅकेज’ सांगते, आणि इथेच गफलत होते. समजा, 4 लाखांचे पॅकेज आहे. त्यातले 60,000 टार्गेट गाठले तरच मिळणारे. मूळ पगार महिना 17,000 धरला, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला 24,480 आणि ग्रॅच्युइटी (पुढे नोकरी सोडताना मिळू शकणारी रक्कम) मूळ पगाराच्या 4.81 टक्क्यांनी 9,800 च्या आसपास. दोन्ही पॅकेजमध्येच मोजलेले. उरलेल्याचे बारा भाग करा, तुमच्या वाट्याचा पीएफ आणि 200 रुपये व्यवसाय कर वजा करा. हातात 23,200 च्या आसपास पडतात. बॅक ऑफिसच्या पॅकेजलाही हीच वजाबाकी लावा, फक्त तिथे टार्गेटवर लटकलेला भाग सहसा लहान असतो.

मग पीओच का नको? पहिले कारण बदली. नोकरी देशभर कुठेही. घरी आजारी माणूस असेल किंवा डोंबिवलीच्या घराचा हप्ता तुमच्यावर असेल, तर हा विचार अर्ज भरण्याआधी करावा. क्लार्कची भरती राज्यवार असते आणि मराठीची चाचणी द्यावी लागते. महाराष्ट्रातच राहायचे असेल तर तो मार्ग कमीपणाचा समजू नका. दुसरे कारण वेळ: प्रिलिम्स, मेन्स, मुलाखत यांत महिने जातात. प्रिलिम्सच्या तीन विभागांना प्रत्येकी 20 मिनिटे; एकात वाचलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. अंतिम यादीत मेन्स आणि मुलाखतीचे वजन 80:20.

अभ्यास पुरा असूनही मुले गळतात ती कागदपत्रांत. जाहिरातीतल्या पात्रता तारखेपर्यंत पदवीचा निकाल जाहीर झालेला लागतो. विद्यापीठाचा निकाल लांबला की वर्ष गेले. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचा विद्यापीठाचा अधिकृत नियम आधीच मिळवून ठेवा. ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातले लागते, राज्याच्या नोकरीसाठी काढलेले पुढे केले तर अडते. राज्याचे एसईबीसी (मराठा आरक्षणाचे) प्रमाणपत्र या भरतीत चालत नाही. निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांचे आरक्षण, बघा. आणखी एक: मोबाइल ॲपवरून घेतलेल्या छोट्या कर्जाचा हप्ता थकला असेल तर आधी मिटवा. नेमणुकीआधी क्रेडिट इतिहास तपासतात.

खासगी शाखेत काम म्हणजे बहुतांशी बचत आणि चालू खाती आणणे, त्यावर विमा आणि कार्ड विकणे. बोलण्यात हुशार असलेला इथे लवकर चमकतो, हे खरे. पण ऑफर लेटरवर कंपनीचे नाव बँकेचे आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे, हे नीट वाचा. दुसरे असेल तर तुम्ही ऑफ-रोल. गळ्यातल्या पट्ट्यावर बँकेचे नाव असले तरी पगारपत्रकावर नसते. फी भरून करायच्या बँकिंग कोर्सनंतर नोकरी देणाऱ्या योजनाही आहेत. त्यांत तीन गोष्टी लेखी विचारा: फी परत कधी, मध्येच सोडल्यास किती भरावे लागेल, आणि पोस्टिंग कुठे.

बॅक ऑफिसमध्ये रिकन्सिलिएशन (दोन नोंदी ताडून जुळवणे), केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणे), ट्रेड सेटलमेंट (झालेल्या व्यवहाराचे पैसे आणि शेअर पोहोचवणे) अशी कामे. एक्सेल पक्के हवे. कंटाळवाणे वाटते, पण दोन वर्षांत हाताला लागलेले हे काम दुसऱ्या कुठल्याही बँकेत चालते. अडचण शिफ्टची. 28 मे 2024 पासून अमेरिकेतले शेअर व्यवहार दुसऱ्याच दिवशी पूर्ण करावे लागतात, त्यामुळे त्या बाजाराचे काम रात्रीकडे झुकते. मुलाखतीत ‘कुठल्या देशाचा बाजार?’ एवढे विचारले की शिफ्टचा अंदाज येतो.

आमचा कल स्पष्ट आहे: घरच्यांना पगाराची निकड असेल आणि दिवसाची शिफ्ट मिळत असेल, तर बॅक ऑफिस धरा आणि सकाळचे दोन तास पीओला द्या. रात्रीची शिफ्ट आणि परीक्षा एकत्र झेपत नाही. घरून दोन वर्षांची मुभा असेल तर पहिले वर्ष पूर्णवेळ परीक्षेला द्या. पण प्रिलिम्सच निघाली नाही, तर दुसऱ्या वर्षी नोकरी करत परीक्षेला बसा. ऑन-रोल सेल्स तिसरी निवड, ऑफ-रोल फक्त नाइलाजाने. आणि वाट बघण्याच्या काळात एनआयएसएम या शेअर बाजार प्रशिक्षण संस्थेची म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा, सिरीज 5-ए, उरकून टाका: 100 प्रश्न, दोन तास, 50 टक्क्यांना पास, चुकीला गुण कापत नाहीत. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते.