‘चार महिन्यांची’ पिशवी निघाली १३० ग्रॅमची

माझ्या मोठ्या बहिणीचं गर्भाशय नागपुरातल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये काढलं. आकाराबद्दल तिला धडधडीत खोटं सांगितलं आणि त्या खोट्यावर जास्तीचे पैसे घेतले. तक्रार सुरू आहे म्हणून नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन ठरतंय त्यांनी मात्र हे नीट वाचा.

ताईचं वय ४३. पाळीत रक्त फार जायचं, हिमोग्लोबिन ८ वर आलं होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “पिशवी चार महिन्यांच्या पोटाएवढी झालीय. ठेवली तर कॅन्सर होईल. दुर्बिणीतून निघणार नाही, पोट उघडावं लागेल. मोठ्या पिशवीचं पॅकेज वेगळं पडेल.” खर्चाच्या कागदावर लिहिलं : गर्भाशय १६ आठवडे. सोनोग्राफीचा रिपोर्ट मागितला तर “आम्ही पाहिलाय ना” एवढंच उत्तर. ताई म्हणाली, “डॉक्टर सांगते तर खरंच असन ना.” रक्त जाऊन जाऊन थकलेली, कॅन्सरच्या नावाने हादरलेली बाई दुसरं काय म्हणणार?

बिलात ‘मोठ्या गर्भाशयासाठी जादा’ म्हणून १८,००० रुपये लावले होते.

मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. गर्भाशयाचं वजन १३० ग्रॅम, कॅन्सर नाही. आम्ही लेखी अर्ज देऊन सगळी फाइल मागितली. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असा मेडिकल कौन्सिलचा नियम आहे, तो अर्जात लिहिल्यावरच फाइल मिळाली. आत ऑपरेशनच्या आधीची सोनोग्राफी होती : ९.२ × ५.८ × ४.६ सेंटिमीटर, २ सेंटिमीटरची एकच गाठ. आणि पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर त्याच डॉक्टरांच्या अक्षरात ‘८ ते १० आठवडे’. म्हणजे खरा आकार त्यांना माहीत होता.

हे आकडे कसे वाचायचे ते सांगते, कारण सगळी फसवणूक इथेच झाली. गर्भाशय किती वाढलंय हे डॉक्टर गरोदरपणाच्या आठवड्यांत मोजतात. एक हात आतून, दुसरा पोटावरून. १२ आठवड्यांच्या आसपास पिशवी ओटीपोटाच्या हाडाच्या वर हाताला लागू लागते, १६ ला हाड आणि बेंबी यांच्या साधारण मध्यावर येते, २० ला बेंबीजवळ. लघवीची पिशवी भरलेली असली किंवा पोटावर चरबी असली तर हाताचा अंदाज चुकू शकतो, ते मान्य. पण सोनोग्राफीत लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. तिन्हींचा गुणाकार करून ०.५२ ने गुणा, साधारण तेवढे मिलिलिटर, आणि जवळपास तेवढेच ग्रॅम. ताईचं उत्तर येतं १२८. पॅथॉलॉजीत १३०. बाळंतपण झालेल्या बाईचं गर्भाशय शंभरेक ग्रॅमचं असू शकतं. १२ आठवड्यांएवढं म्हणजे २८० च्या आसपास, १६ चं त्याहून कितीतरी जड. मोबाइलवर एका मिनिटात होणारा हिशोब आहे. रिपोर्ट म्हणूनच हातात दिला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅन्सरची भीती तर याहून वाईट. अशा गाठींत कॅन्सर क्वचितच निघतो, आणि शंका असेल तर आधी आतल्या अस्तराचा तुकडा तपासतात. तो तपासलाच नव्हता. रक्तस्रावावर गोळ्या असतात, हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आत बसवता येते. यातलं अक्षरही ताईला कुणी सांगितलं नाही. २००८ सालच्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की संमती घेण्याआधी उपचाराचं स्वरूप, धोके आणि दुसरे पर्याय सांगायला हवेत.

तारीख ठरण्याआधी सोनोग्राफीचा मूळ रिपोर्ट स्वतःकडे घ्या. तो घेऊन नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत दुसरं मत विचारा. रांगेत अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर वजन लिहिलंय का बघा, आणि नमुन्याचे ब्लॉक (मेणात घालून ठेवलेले तुकडे) जपून ठेवायला लॅबला लेखी सांगा.

ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. आम्ही तिथे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, दोन्हीकडे अर्ज दिलाय. सोबत केसपेपर, खर्चाचा कागद, सोनोग्राफी आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जोडलाय.