साखळी-कुलूप आणि बर्थखालची जागा: दिवाळी ते पावसाळा वापरल्यावर

पुणे-नागपूर माझी सारखी ये-जा असते, बहुतेक वेळा महाराष्ट्र एक्सप्रेसच्या स्लीपरने. गेल्या दिवाळीआधी सामानासाठी प्लॅस्टिकचं आवरण असलेली पोलादी साखळी आणि चावीचं कुलूप घेतलं, दीड-दोनशे रुपयांत. आता पावसाळा सरत आलाय. घ्यावी का, तर जरूर घ्यावी. पण ती कशातून ओवता, यावरच सगळं अवलंबून आहे.

ही गाडी कोल्हापूरहून निघते आणि पुण्यात रात्री येते. तोवर मिरज-सांगली-साताऱ्याची मंडळी मधले बर्थ लावून झोपलेली असतात आणि खालची जागा त्यांच्या पिशव्या-पोत्यांनी भरलेली असते. कुणाला न उठवता, मोबाइलच्या उजेडात, उरलेल्या फटीत बॅग सरकवायची. इथे कडक कवचाची मोठी ट्रॉली आडवी येते. रेल्वेच्या नियमात ट्रंक-सुटकेसचं कमाल माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे. बाजारातल्या मोठ्या ट्रॉलीची जाडीच बऱ्याचदा त्याहून जास्त भरते. मऊ कापडी बॅग दाबून आत जाते. म्हणून साखळीच्या आधी बॅग बदला, असं मी घरात सगळ्यांना सांगते.

खालच्या बर्थच्या तळाशी साखळीसाठी कड्या असतात. काही डब्यांत त्या तुटलेल्या किंवा पार भिंतीकडे असतात. साखळी आखूड असेल तर तिथवर पोचतच नाही. माझी साधारण मीटरभर आहे, दोन बॅगांना पुरते. ती बॅगेच्या शिवलेल्या जाड बंदातून किंवा ट्रॉलीच्या दांड्यातून ओवावी. बॅगेच्या चेनच्या (झिपच्या) सरकत्या टोकांना कुलूप लावून निर्धास्त झोपणारे खूप दिसतात, त्यांची मला काळजी वाटते. नायलॉनची चेन बॉलपेनच्या टोकाने मधूनच उसवता येते आणि टोकं फिरवून पुन्हा बंदही करता येते. साखळी बॅग उचलून नेणाऱ्याला अडवते, बॅगेत हात घालणाऱ्याला नाही. म्हणून पैसे, दागिने, औषधं आणि चार्जर छोट्या पिशवीत, उशाखाली.

आकड्यांच्या कुलपापेक्षा मला चावीचंच बरं वाटतं. पहाटे मनमाडच्या सुमाराला अंधारात आकडे दिसत नाहीत, चावी चाचपून लावता येते. एक चावी गळ्यात, दुसरी सोबतच्या माणसाकडे.

तक्रारी आहेतच. वाकणाऱ्या जागी आवरण तडकलं आणि पावसाळ्यात तिथे गंज धरला. त्याचा डाग बॅगेवरून अजून निघालेला नाही. वळणांवर साखळी खडखडते, त्यावर जुना रुमाल गुंडाळला की भागतं.

एक गोष्ट प्रत्येक प्रवाशाला माहीत असायलाच हवी. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १०० नुसार, बुक न करता स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर तेव्हाच येते, जेव्हा रेल्वेचा किंवा तिच्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध होतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रवाशाच्या अंगावरच्या रोकड चोरीच्या प्रकरणात रेल्वेची सेवेतली त्रुटी मान्य केली नाही. तरी चोरी झालीच तर गप्प बसू नका. १३९ वर कळवा. टीसी, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडे एफआयआरचा फॉर्म मिळतो, त्यासाठी मधेच उतरावं लागत नाही.

कुलपाचा आणखी एक उपयोग नंतर लक्षात आला. स्टेशनच्या क्लोक रूममध्ये बिनकुलपाचं सामान घेत नाहीत, तिकीटही दाखवावं लागतं. नागपुरात उतरून आधी काम उरकायचं असलं की बॅग तिथेच ठेवते. फक्त ही मोठी कुलपं चेनच्या भोकात जात नाहीत, त्यासाठी एक बारीक कुलूप वेगळं बाळगावं लागतं.