नऊ महिन्यांनंतर: कमी डिफ्लेक्शनच्या मेपल क्यूचा अनुभव

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पूल या टेबलावरच्या खेळासाठी स्वतःची क्यू, म्हणजे बॉल मारायची लांब काठी, घेतली आणि आता मार्च उजाडला आहे. या काळात आठवड्यातल्या तीन संध्याकाळी, दर वेळी साधारण दोन तास, ती माझ्या हातात होती. पुण्याचा एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा तिने पाहिला. क्यू दोन तुकड्यांची आहे, लांबी ५८ इंच, वजन १९ औंस म्हणजे सुमारे ५४० ग्रॅम, शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, मेपलच्या लाकडाचा आणि टोकावरची चामड्याची टिप १२.५ मिलीमीटरची. किंमत १६,००० रुपये पडली. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते त्या नावाशी नव्हे, तर कमी डिफ्लेक्शनच्या, म्हणजे फिरकी देताना बॉलला रेषेतून कमी हटवणाऱ्या, क्यूशी आणि तिच्या देखभालीशी संबंधित आहे.

आमच्या हॉलमध्ये चार टेबले स्नूकरची आणि दोन पूलची आहेत. पुण्यात हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी असेच दिसते आणि त्याचे नवल वाटू नये. स्नूकर मुळात जबलपूरच्या लष्करी छावणीत १८७५ च्या सुमारास जन्मले, आणि १९५८ साली जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकून वैयक्तिक खेळातले भारताचे पहिले जगज्जेते ठरलेले विल्सन जोन्स पुण्यातच जन्मले होते. पूल आपल्याकडे त्या मानाने उशिरा रुजला. त्यामुळे हॉलमधल्या भिंतीवरच्या क्यू बहुतेक स्नूकरच्या वळणाच्या असतात: निमुळत्या, पितळी फेरूलच्या (टिपखालच्या कड्याच्या), नऊ-दहा मिलीमीटर टिपच्या. त्या ५२.५ मिलीमीटरच्या स्नूकर बॉलसाठी बनलेल्या असतात. पूलचा बॉल ५७.१५ मिलीमीटरचा आणि स्पष्टपणे जड असतो. अशा क्यूने पूल खेळता येतो, मी सहा वर्षे खेळलो. पण जोरकस ब्रेक, म्हणजे डाव सुरू करणारा पहिला फटका, मारताना तिचे टोक थरथरते ते मनगटापर्यंत जाणवते, आणि साईड, म्हणजे बाजूला मारून फिरकी, देताना काय होईल याची खात्री कधीच वाटत नाही.

ही साईडची गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण या क्यूचे सगळे मोल तिथेच आहे. क्यू बॉलच्या, म्हणजे क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलच्या, उजव्या बाजूला टिप लावली की बॉलला फिरकी मिळते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच वेळी तो क्यूच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे ढकलला जातो, याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. यालाच डिफ्लेक्शन म्हणतात. टिप आणि बॉल एकमेकांना लागून असतात तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो, आणि तेवढ्यात शाफ्टच्या टोकाला बॉलच्या वाटेतून बाजूला सरावे लागते. टोक जड असेल तर ते सहजी सरत नाही आणि बॉललाच उलट दिशेला लोटते. टोक हलके असेल तर ते स्वतः सरकते. म्हणून या प्रकारच्या शाफ्टचा पुढचा भाग आतून पोकळ किंवा हलका ठेवलेला असतो आणि फेरूलही आखूड व हलके असते. क्यूचे एकूण वजन इथे जवळजवळ गौण आहे. सारा प्रश्न पुढच्या काही इंचांचा असतो.

मी हे टेबलावर तपासून पाहिले. नऊ फुटी टेबलावर बॉल वरच्या ठिपक्यावर ठेवून, क्यू शक्य तितकी आडवी धरून, भरपूर उजवी साईड देत समोरच्या कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडेच्या) मध्यावर जोरात मारला. हॉलमधल्या जाड पूल क्यूने बॉल मध्यापासून एका बॉलपेक्षा थोडे अधिक अंतर डावीकडे पोहोचत होता. माझ्या क्यूने ते अंतर अर्ध्यापाऊण बॉलवर आले. दहा-दहा वेळा मारून पाहिले आणि फरक तसाच राहिला. कमी डिफ्लेक्शन म्हणजे शून्य डिफ्लेक्शन नव्हे, हे विकत घेणाऱ्याने आधी मनाशी पक्के करावे.

असे असूनही पहिले तीन आठवडे माझा खेळ घसरला. सरळ मारलेले बॉल जात होते, पण साईडचे बॉल सातत्याने एकाच बाजूला चुकत होते. कारण उघड होते: जुन्या क्यूची चूक माझ्या डोळ्यांनी वर्षानुवर्षे भरून काढायची सवय लावून घेतली होती, आणि आता ती चूकच अर्ध्यावर आली होती. मी रोज खेळाआधी लांब कुशनला लागून असलेला एक बॉल साईड देऊन वीस वेळा पॉट करण्याचा, म्हणजे खिशात घालण्याचा, सराव ठेवला. जूनमध्ये वीसपैकी सहा-सात जात होते, सप्टेंबरच्या अखेरीस चौदाच्या पुढे गेले. हळू मारलेल्या, क्यूचा मागचा भाग उचलून मारलेल्या बॉलवर मात्र अजून हिशेब चुकतो, कारण तिथे बॉल वळत वळत परत येतो आणि डिफ्लेक्शन कमी असल्यामुळे ते वळण अधिक ठळकपणे लक्ष्याच्या पलीकडे नेते.

आता टिपविषयी. मूळ टिप एकसंध चामड्याची आणि कडक होती. तिसऱ्या महिन्यात मिसक्यू, म्हणजे टिप बॉलवरून घसरून फुकट गेलेले फटके, वाढू लागले आणि मी दोष स्वतःच्या हाताला देत राहिलो. एके दिवशी आमच्या हॉलमधल्या मार्करमामांनी (गुण मोजणाऱ्या मामांनी) क्यू माझ्या हातातून घेतली, टिपवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, ही काचेसारखी झाली आहे. चॉक कुठे धरणार?" चॉक म्हणून आपण टिपवर घासायला जो निळा ठोकळा वापरतो त्यात खडू जवळपास नसतोच, १८९७ साली अमेरिकेत पेटंट झालेल्या त्या मिश्रणाचे काम सिलिका आणि तत्सम खरखरीत कणांवर चालते, आणि हे कण रुतून बसण्यासाठी चामड्याला थोडा खरखरीतपणा लागतो. मामांनी सँडपेपरच्या तुकड्याने टिप घासून एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतकी गोलाई दिली. त्या संध्याकाळी एकही मिसक्यू झाला नाही.

पुढे टिप बदलायची वेळ आली तेव्हा मी घाई केली. मामा गावी गेले होते, म्हणून शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात क्यू दिली. थरांची, मध्यम कडक टिप बसवून मिळाली, पण कडेचे चामडे फेरूलबरोबर सपाट करण्याच्या नादात कारागिराने फेरूल आणि त्याखालचे लाकूडही घासले. नख फिरवले की तिथे आजही बारीक खाच लागते. मापले तर टोक १२.३ मिलीमीटर भरते. खेळात त्याचा फार फरक पडला नाही, तरी तो घाव मला रोज दिसतो आणि रोज वाईट वाटते. नवी टिप मात्र उत्तम निघाली. पाच महिन्यांत ती कडेने पसरलेली नाही आणि महिन्यातून एकदा हलके घासणे पुरते.

पावसाळ्यात मेपलची परीक्षा होते. जुलैमध्ये शाफ्ट त्याला आधार देणाऱ्या पुढच्या हाताच्या बोटांवरून अडखळत जाऊ लागला. हवेतली ओल, तळहाताचा घाम आणि चॉकची भुकटी यांचा एक चिकट थर त्यावर बसत होता. खेळ संपला की किंचित ओल्या फडक्याने आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणे, नंतर जाड कागदाने किंवा चामड्याच्या तुकड्याने ऊब येईपर्यंत घासणे, एवढ्याने तो पुन्हा सुळसुळीत होतो. क्यू मी केसमध्ये, कपाटात उभी ठेवतो. गाडीच्या डिकीत एक दिवसही ठेवलेली नाही. नऊ महिन्यांनंतर शाफ्ट टेबलावर लोळवून पाहिला तर टोक कुठेही उचलत नाही, म्हणजे तो वाकलेला नाही. कार्बन फायबरच्या शाफ्टला ओलीने वाकण्याचा प्रश्नच येत नाही, पण त्याची किंमत माझ्या आवाक्यापलीकडे होती आणि लाकडाचा आवाज मला अधिक आवडतो.

स्वतःची क्यू आली की हॉलमधले नातेही थोडे बदलते. आमच्याकडे हरणारा टेबलाचे पैसे देतो आणि आपला फाऊल आपणच सांगतो. स्नूकरच्या टेबलांवरची ही शिस्त पूलच्या टेबलांवरही उतरली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. त्याच आपलेपणाने कोणीही म्हणतो, "दादा, एक फ्रेम (डाव) तुझ्या क्यूने खेळू?" मी नाही म्हणत नाही, फक्त दोन अटी सांगतो: तिने ब्रेक करायचा नाही आणि ती भिंतीला तिरकी टेकवायची नाही. ब्रेकसाठी मी स्वतःही हॉलचीच क्यू वापरतो, कारण ब्रेकच्या धक्क्याने टिप दबून कडक होते. कॉलेजात जाणारा एक मुलगा दर शनिवारी तिने खेळतो, आणि साईड देताना त्याचा नेम कुठे चुकतो हे पाहताना माझे पहिले तीन आठवडे मला पुन्हा दिसतात.

आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने आणि साईड क्वचितच देणाऱ्याने इतका खर्च करू नये; सरळ, साधी मेपलची क्यू आणि चांगली थरांची टिप त्याला पुरेल. ज्याला पुढच्या बॉलसाठी क्यू बॉल नेमका कुठे थांबवायचा याची ओढ लागली आहे, त्याने मात्र अवश्य घ्यावी आणि पहिल्या महिन्यात स्वतःच्या खेळावर निकाल देऊ नये. माझ्या टिपचे अजून तीन मिलीमीटर चामडे शिल्लक आहे. ते संपेल तेव्हा नवी टिप मामा बसवतील. ते सुट्टीवर असले तर त्यांच्या परतीची वाट पाहीन.