आयकर रिटर्नसाठी सरकारी युटिलिटी की खासगी अ‍ॅप? हंगाम संपून काही महिने गेल्यावरचा अनुभव

घरातली रिटर्नं मीच भरतो. माझं स्वतःचं आयटीआर-२, कारण पगाराबरोबर म्युच्युअल फंड आणि थोडे शेअर्स आहेत. आईचं आयटीआर-१, तिला बाबांमागे फॅमिली पेन्शन मिळते आणि एफडीचं व्याज येतं. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी मी दोन्ही रिटर्नं दोन्हीकडे तयार केली. एकीकडे पैसे भरून घेतलेलं खासगी अ‍ॅप, दुसरीकडे आयकर विभागाची फुकट मिळणारी एक्सेल युटिलिटी. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. हा अनुभव एका हंगामाचा आहे, आणि अशी अ‍ॅप्स दर वर्षी बदलतात.

रिटर्न भरल्या भरल्या लिहिलेल्या रिव्ह्यूंवर माझा फारसा विश्वास नाही. "दहा मिनिटांत झालं" हे त्या दिवशी खरंच असतं. सॉफ्टवेअरची परीक्षा पुढे होते, १४३(१) चं इंटिमेशन (विभागाने रिटर्न तपासून पाठवलेला हिशोब) येतं तेव्हा, रिफंड जमा होतो तेव्हा, बँक कर्जासाठी कॉम्प्युटेशन (उत्पन्न आणि कराचा मांडलेला हिशोब) मागते तेव्हा. म्हणून इतके महिने थांबलो.

आधी आईचं रिटर्न, कारण माझं मत तिथेच ठरलं. तिचे आकडे साधे आहेत. फॅमिली पेन्शन वर्षाला ४,८०,००० आणि एफडीचं व्याज २,५०,०००. बँकेने व्याजावर दहा टक्क्यांनी २५,००० टीडीएस कापलेला. अ‍ॅपने विचारलं, "पेन्शन मिळते का?" हो म्हटलं. त्याने ती रक्कम पगाराच्या रकान्यात टाकली, नव्या करप्रणालीची ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन वजा केली आणि उत्पन्न ६,५५,००० दाखवलं. सात लाखांच्या आत, म्हणजे कर शून्य, सगळे २५,००० परत. हिरवी टिक, "फाइल करा".

पण फॅमिली पेन्शन हा पगार नव्हे. निवृत्त माणसाची स्वतःची पेन्शन पगारात धरतात. त्याच्यामागे पत्नीला मिळते ती 'इतर स्रोतांतून उत्पन्न' या शीर्षाखाली जाते. तिच्यावर पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५,००० (जुन्या प्रणालीत १५,०००), यातली जी कमी तेवढीच वजावट, कलम ५७(आयआयए) खाली. एक्सेल युटिलिटीत इतर स्रोतांच्या ड्रॉपडाउनमध्ये 'फॅमिली पेन्शन' असा वेगळा पर्याय आहे आणि वजावटीची ओळही वेगळी. तिथे उत्पन्न आलं ७,०५,०००. स्लॅबप्रमाणे कर २०,५००, पण उत्पन्न सात लाखांच्या जेमतेम वर असल्याने मार्जिनल रिलीफ लागू होतो आणि कर वरच्या ५,००० पुरताच राहतो. चार टक्के सेस धरून ५,२००. रिफंड १९,८००. जुनी प्रणालीही तपासली. ज्येष्ठ नागरिकांना व्याजावर मिळणारे ८०टीटीबीचे ५०,००० वजा करूनही कर चाळीस हजारांच्या वर जात होता, तेव्हा तो विषय संपला.

फरक ५,२०० रुपयांचाच, पण रिटर्नखालची पडताळणी आईच्या नावाने होते. उद्या विचारणा झाली तर उत्तर तिला द्यायचं आहे, अ‍ॅपला नाही. अ‍ॅपच्या चॅटवर विचारलं तेव्हा "सिस्टीमने ऑटो-डिटेक्ट केलं आहे" एवढंच उत्तर मिळालं. रकाना हाताने बदलायची सोय सापडली, पण तीन स्क्रीन आत. सत्तरीतल्या बाईने स्वतः भरायला घेतलं असतं तर ती तिथवर पोचलीच नसती. आपल्याकडे फॅमिली पेन्शनवर राहणाऱ्या आया-आज्या काही थोड्या नाहीत, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

माझ्या रिटर्नमध्ये मात्र अ‍ॅपने मन लावून काम केलं, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं. हे वर्ष भांडवली नफ्यासाठी किचकट होतं. २३ जुलै २०२४ पासून दर बदलले. शेअर्स आणि इक्विटी फंडांवर दीर्घ मुदतीचा कर १० वरून १२.५ टक्के, अल्प मुदतीचा १५ वरून २० टक्के. एकाच वर्षातले व्यवहार त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे असे वेगळे दाखवायचे होते. शिवाय जुन्या युनिट्सना ३१ जानेवारी २०१८ चा भाव लागतो. त्या दिवसाचा भाव आणि विक्रीचा भाव यातला कमी घ्यायचा, तो खरेदीशी ताडून पाहायचा आणि जास्त असेल ती किंमत धरायची. ब्रोकरची फाइल आणि फंडांचं स्टेटमेंट टाकताच अ‍ॅपने ही सगळी विभागणी केली. डिव्हिडंडही १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या टप्प्यांनी वाटून दिला. हाताने करायचं तर हे डोळे दुखवणारं काम आहे.

युटिलिटीत ११२ए चा (शेअर्स आणि इक्विटी फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याचा) तक्ता सीएसव्ही फाइलने भरता येतो. ओळीओळीने आयएसआयएन (शेअर किंवा फंडाचा ओळख क्रमांक), युनिट्स, विक्रीचा भाव, खरेदी, २०१८ चा भाव, सगळं समोर दिसतं. अ‍ॅपच्या पडद्यावर फक्त बेरीज दिसते. ओळी पाहायला अहवाल वेगळा उतरवून घ्यावा लागतो. मी तो घेतला, युटिलिटीशी ताडला आणि जुळल्यावरच पुढे गेलो.

प्री-फिल (आधीच भरून येणारी माहिती) दोन्हीकडे आहे, पण त्यावर डोळे मिटून जाऊ नका. एआयएस, म्हणजे विभागाकडे असलेली तुमच्या व्यवहारांची वार्षिक माहिती, उतरवा (पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख), २६एएस (कापलेल्या कराचं विवरण) उतरवा आणि पासबुकाशी ताडा. जॉइंट खात्याचं व्याज कोणाच्या पॅनवर दिसतंय ते पाहा. चुकीची नोंद असेल तर एआयएसमध्येच फीडबॅक देता येतो. हे काम कुठलंच सॉफ्टवेअर तुमच्याऐवजी करत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सॉफ्टवेअर नुसती बेरीज-वजाबाकी करत नाही, कायद्याचा एक अर्थ लावतं. आदल्याच वर्षीचं पाहा. ५ जुलै २०२४ ला युटिलिटी बदलली आणि अल्प मुदतीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर ८७ए ची सूट (ठराविक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य करणारी) मागायची सोयच बंद झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये अंतरिम आदेश झाला, उशिराच्या रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली, आणि अंतिम निकालातही न्यायालयाने करदात्याला दावा करू द्यावा, युटिलिटीने तो आधीच अडवू नये, असं सांगितलं. म्हणून अ‍ॅप निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: त्याने धरलेला आकडा मला बदलता येतो का, आणि तो कुठून आला ते दिसतं का?

रिटर्न भरल्यानंतरचं थोडक्यात. दोन्ही रिटर्नं शेवटी मी युटिलिटीतून तयार होणाऱ्या जेसॉन फाइलनेच पोर्टलवर चढवली आणि आधार ओटीपीने लगेच ई-व्हेरिफाय केली. तीस दिवसांची मुदत असते, पण थांबायचं कशाला? इंटिमेशनमध्ये 'तुम्ही दिलेले' आणि 'विभागाने काढलेले' आकडे शेजारशेजारच्या रकान्यांत असतात. आईचे ओळ न ओळ जुळले आणि १९,८०० खात्यात आले. पुढे जानेवारीत बँकेने गृहकर्जासाठी माझं कॉम्प्युटेशन मागितलं. अ‍ॅपमधलं कॉम्प्युटेशन प्लॅन संपल्यामुळे कुलपात होतं, नूतनीकरण केल्याशिवाय पीडीएफ उतरत नव्हती. आपलीच माहिती पैसे भरून परत घ्यायची, हे मला अजिबात पटलं नाही. माझी एक्सेल फाइल माझ्याच लॅपटॉपवर होती आणि भरलेल्या रिटर्नची जेसॉन, पावती, फॉर्म हे सगळं पोर्टलवरून केव्हाही मिळतं, त्यामुळे काम अडलं नाही. अ‍ॅप वापरणाऱ्यांनी रिटर्न भरल्याच्या दिवशीच सगळे अहवाल उतरवून ठेवावेत.

युटिलिटीसाठी मॅक्रो चालू करावे लागतात, इंग्रजी शब्द नेटाने वाचावे लागतात आणि व्हॅलिडेटचं बटण चुका दाखवेल तसं एकेक शीट दुरुस्त करत जावं लागतं. नुसता पगार आणि बचत खातं असेल तर तेवढाही त्रास नाही, पोर्टलवर थेट ऑनलाइन भरा आणि कोणाला पैसे देऊ नका. ट्रेडिंग जास्त असेल तर अ‍ॅप घ्या, पण ११२ए चा अहवाल तपासल्याशिवाय बटण दाबू नका. परदेशी कंपनीचे शेअर्स असतील तर शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) आणि फॉर्म ६७ (परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट मागायचा) यांसाठी सरळ सीए गाठा.

येत्या हंगामात माझ्या भांडवली नफ्याची विभागणी पुन्हा अ‍ॅपकडून करून घेईन, रिटर्न मात्र युटिलिटीतच भरेन. आईचं पूर्ण एक्सेलमध्ये. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत सूट असल्याने तिचा कर शून्य होईल, पण उत्पन्न चार लाखांच्या वर असल्याने रिटर्न भरावंच लागणार, आणि बँकेने टीडीएस कापला असेल तर तो परत मिळायचा मार्गही तोच आहे.