नर्मदेच्या फुगवट्यात बोटीचं इंजिन : कुलिंग फ्लश केल्यानंतरचे आठ महिने

धडगाव तालुक्यात नर्मदेच्या फुगवट्यावर माझी बोट चालते. काठच्या पाड्यांवरची माणसं, बाजाराचा माल, कधी रात्री-अपरात्री आजारी माणूस. इंजिन मरीन डिझेल, समुद्रावर चाललेलं, जुनं घेतलेलं. घेताना ज्याने त्याने हेच सांगितलं, की समुद्रात खार लागतो, इथं गोडं पाणी, कुलिंगकडे बघायचं कामच नाही. हे साफ चुकीचं आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये बाजाराच्या दिवशी बोट भरलेली असताना तापमानाचा काटा ८५ अंशांवरून १०० कडे सरकला. मागच्या नळीतून धुरासोबत भसाभसा पडणारं पाणी नुसतं ठिबकत होतं. इंजिन बंद करून वल्ह्यांनी काठ गाठला. लहान मुलं होती बोटीत, तो दिवस विसरत नाही. शहाद्याहून मेकॅनिक आप्पा आले, नळीखाली हात धरला अन् म्हणाले, "भाऊ, पानीज जाई नही राहिनं."

या इंजिनात पाणी दोन प्रकारचं असतं. आतल्या आत फिरून इंजिन थंड ठेवतं ते कुलंट. दुसरं नदीचं : गाळणीतून पंप ते ओढतो, हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून जाताना ते कुलंटची उष्णता घेतं आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. पंपात रबरी पाकळ्यांचा इम्पेलर असतो. आमच्या इम्पेलरच्या ६ पैकी २ पाकळ्या गायब होत्या. मी नवीन बसवून मोकळा झालो असतो, पण आप्पा ऐकेनात. तुटलेलं रबर सापडत नाही तोवर काम संपत नाही म्हणाले. एक्स्चेंजरचं झाकण काढलं तर दोन्ही तुकडे नळ्यांच्या तोंडाशीच अडकलेले. मागे पावसाळी गाळ, गवताच्या काड्या. आणि नळ्यांच्या आत पांढरा थर, मे महिन्यात कूलरच्या गवतावर धरतो तसा, पण नखाने न निघणारा.

१० लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो लिंबूसत घातलं, किराण्यात मिळतं तेच. बादली, छोटा पंप आणि दोन नळ्या लावून ते एक्स्चेंजरमधून दोन तास फिरवलं. आधी फेस आला, मग पाणी चहासारखं झालं, शेवटी बारीक खपल्या पडल्या. नंतर साध्या पाण्याने भरपूर धुतलं. एका गॅरेजवाल्याने संडास धुण्याचं ॲसिड सुचवलं होतं. ते कृपा करून कुणी घालू नका, ॲल्युमिनियमचा भाग असला तर खाऊन टाकतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कुलंटची वाट उघडणारी झडप, काढून फेकण्याचा सल्लाही मिळाला. आम्ही तो दोरीने पातेल्यात लटकवून पाणी तापवलं. त्यावर शिक्का ८२ अंशांचा होता, तेवढ्यालाच उघडायला लागला, म्हणून परत बसवला. तो नसला तर इंजिन थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते.

कुलंट गंजाच्या रंगाचं झालं होतं. नवीन भरताना निम्मं कुलंट, निम्मं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. आपल्याकडच्या बोअरचं पाणी मुळीच नको, त्याने आतून तोच पांढरा थर धरेल. जुनं कुलंट मी कॅनमध्ये भरून शहाद्याला गॅरेजवर नेऊन दिलं. ते गोड लागतं, शेळ्या-कुत्री चाटतात आणि मरतात. अन् हेच नदीचं पाणी आमची माणसं पितात.

नळाची नळी जोडून फ्लश करताना मात्र क्रम चुकवू नका. आधी इंजिन चालू, मग लगेच पाणी. थांबवताना आधी पाणी बंद, लगेच इंजिन बंद. इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ते एक्झॉस्टमध्ये साचून थेट सिलेंडरमध्ये शिरू शकतं. आणि पाण्याशिवाय इंजिन थोडा वेळ जरी चाललं तरी इम्पेलर जळतो.

आता एप्रिल आहे, बाहेर अंग भाजतंय, तरी भरल्या बोटीला काटा ८५ च्या पुढे गेलेला नाही. पावसाळ्यात गाळणी रोज काढायचो, आता आठवड्याने. पाणी उतरलंय, काठाला लागताना चिखल ओढला जातो, म्हणून तिथे इंजिन हळू ठेवतो. फेब्रुवारीत इम्पेलर पुन्हा बदलला, ग्लिसरीन लावून. ग्रीसने रबर फुगतं. एक्स्चेंजरमधली जस्ताची कांडीही बदलली, जी स्वतः झिजून बाकीच्या धातूला गंजापासून वाचवते. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं, इथे मॅग्नेशियमची लागते. ती मिळवायलाच दीड महिना गेला.

पंपाच्या शाफ्टखालच्या भोकातून मात्र पंधरा दिवसांपासून थेंब थेंब पाणी येतंय. सील गेलंय. नवीन सील मागवलंय, पाऊस लागायच्या आत आप्पांना बोलावून बसवून घेणार आहे.