‘ऑथॉरिटी ऑन’ की ‘ऑथॉरिटी ओव्हर’? ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरीचा परीक्षण-लेख

मराठीत हाताखालच्या लोकांवर अधिकार असतो आणि व्याकरणावरही अधिकार असतो. ‘वर’ दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत तसं नाही. सत्ता असेल तर ‘ऑथॉरिटी ओव्हर द स्टाफ’, व्यासंग असेल तर ‘ऑथॉरिटी ऑन ग्रामर’, सही करायची मुभा असेल तर ‘ऑथॉरिटी टु साइन’. शिवाय ‘शी हॅज ऑथॉरिटी’ म्हणजे तिच्या हाती अधिकार आहेत. ‘शी इज ॲन ऑथॉरिटी’ म्हणजे ती त्या विषयातली जाणकार. ‘हॅज’च्या जागी ‘इज ॲन’ आलं की माणसाची ओळखच बदलते. साध्या इंग्रजी-मराठी कोशात यातलं फारसं काही मिळत नाही. त्यासाठी कोणत्या शब्दाबरोबर कोणता शब्द जोडीने येतो ते दाखवणारा ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरी हा कोश हवाच.

पहिली आवृत्ती 2002 ची, दुसरी 2009 ची. घ्यायची तर दुसरीच घ्या, तिच्यात अडीच लाखांहून जास्त शब्दजोड्या आहेत. एका नामाखाली आधी अर्थांचे क्रमांक, मग त्या नामाला लागणारी विशेषणं, त्याच्या आधी येणारी क्रियापदं, नंतर येणारी क्रियापदं व नामं आणि शेवटी शब्दयोगी अव्ययं व वाक्प्रयोग, अशी मांडणी असते.

शोध नामापासून सुरू करायचा. ‘सत्तेचा गैरवापर केला’ लिहायचं असेल तर ‘यूज’कडे न जाता ‘पॉवर’ उघडा, सत्तेचा अर्थक्रमांक पकडा, आधी येणाऱ्या क्रियापदांत ‘अब्यूज’ शोधा. अर्थक्रमांक बहुतेक जण बघत नाहीत आणि तिथेच घोळ होतो. ‘पॉवर स्ट्रगल’, ‘पॉवर व्हॅक्यूम’ सत्तेचे. ‘पॉवर कट’, ‘पॉवर स्टेशन’ विजेचे. ‘डेलिगेट ऑथॉरिटी’ बरोबर, म्हणून जाणकारीच्या ‘एक्स्पर्टीज’ला ‘डेलिगेट’ लावलं तर वाक्य फसतं. ‘एक्स्पर्टीज’ मिळवतात, वाढवतात, इतरांना देतात: ‘अक्वायर’, ‘डेव्हलप’, ‘शेअर’. त्याचं अनेकवचनही सहसा करत नाहीत. फार तर ‘एरियाज ऑफ एक्स्पर्टीज’.

मराठी लिहिणाऱ्यांनी अव्ययांची ओळ कधीच टाळू नये. ‘गणिताचा तज्ज्ञ’ मनात असल्याने ‘एक्स्पर्ट ऑफ’ हातून उतरतं. हवं ‘इन’ किंवा ‘ऑन’, आणि कौशल्य असेल तर ‘एक्स्पर्ट ॲट’. उलट ‘भाषेवर प्रभुत्व’मुळे ‘कमांड ओव्हर इंग्लिश’ सगळीकडे ऐकू येतं, प्रमाण रूप मात्र ‘कमांड ऑफ इंग्लिश’. ‘मास्टरी’चंही तेच: कलेवर प्रभुत्व असेल तर ‘ऑफ’.

उणीव मोठी आहे. जवळच्या अर्थाचे शब्द एका गटात येतात, पण त्यांतला फरक सांगितलेला नसतो. ‘एक्सरसाइज’ आणि ‘वील्ड’ दोन्ही ‘पॉवर’बरोबर चालतात, पण नियमाने मिळालेला अधिकार वापरणं म्हणजे ‘एक्सरसाइज’, आणि ‘वील्ड’मध्ये मोठी सत्ता किंवा वजन गाजवण्याची छटा येते. ठरावाच्या मसुद्यात ‘वील्ड’ खटकेल. ही छटा कळायला शेजारी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी अर्थ सोप्या इंग्रजीत समजावणारा कोश, ठेवावीच लागते. चुकीच्या जोड्याही हा कोश दाखवत नाही, त्यामुळे जोडी सापडली नाही म्हणजे ती चूकच, असं धरून चालू नका. इंग्रजी नुकतंच शिकायला घेतलेल्यांना एवढी गर्दी झेपणार नाही. रोज पत्रं, अहवाल किंवा भाषांतरं करणाऱ्यांनी मात्र तो हाताशी ठेवावा.